मोबाइलच्या पडद्याचे आकडे आणि आपले डोळे

"डॉक्टर, डोळ्यांना चांगला मोबाइल कोणता?" हा प्रश्न अलीकडे माझ्या दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी विचारला जातो. पूर्वी रुग्ण तेल कोणते खावे, करडईचे की शेंगदाण्याचे, असे विचारीत. त्या यादीत आता मोबाइलची भर पडली आहे. विचारणाऱ्याच्या हातात बहुधा दुकानातून आणलेले माहितीपत्रक असते. त्यावर ठिपके किती, निट्स किती, हर्ट्झ किती, अशा आकड्यांची रांग असते. या कंपनीचा आकडा मोठा म्हणून तिचा पडदा डोळ्यांना चांगला, असा सरळ हिशेब मनात असतो आणि त्यापायी दहा-वीस हजार रुपये जास्त मोजण्याची किंवा हप्ते बांधून घेण्याची तयारीही असते.

मी काही मोबाइलचा तज्ज्ञ नाही. परंतु या आकड्यांपैकी प्रत्येकाचा शेवट अखेर माणसाच्या डोळ्यापाशी होतो आणि डोळ्याची क्षमता किती, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तेव्हा पडद्याचे आकडे डोळ्याच्या मापाने मोजून पाहू. उदाहरणासाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी समजले जाणारे दोन फोन घेऊ. एक सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला अॅपल कंपनीचा आयफोन १५ आणि दुसरा जानेवारी २०२४ मध्ये आलेला सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४. त्यांच्या जोडीला आपल्याकडे घरोघरी दिसणारा साडेसहा इंची, 'एचडी प्लस' पडद्याचा स्वस्तातला फोनही ठेवू.

ठिपक्यांची गोष्ट

मोबाइलवरचे चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. रांगोळीच्या ठिपक्यांसारखेच म्हणा. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. एका इंचात किती ठिपके बसवले आहेत, तो आकडा म्हणजे 'पीपीआय'. आयफोन १५ मध्ये तो ४६०, गॅलेक्सी एस२४ मध्ये सुमारे ४१६ आणि स्वस्तातल्या साडेसहा इंची एचडी प्लस फोनमध्ये सुमारे २७० असतो.

आता डोळ्याचे माप पाहू. नेत्रतज्ज्ञ ज्याला ६/६ दृष्टी म्हणतात, त्या निरोगी डोळ्याला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यामध्ये निदान एका कलेचे अंतर लागते. पंचांग पाहणाऱ्यांना हे माप ओळखीचे असेल. एका अंशाचे साठ भाग केले की एक कला होते. डोळ्यापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण एक फुटावर, एक कला म्हणजे ०.०८७ मिलिमीटर. याचा अर्थ असा, की एका फुटावर धरलेल्या पडद्यावर इंचाला सुमारे २९० ठिपके झाले, की त्यापुढचे ठिपके सामान्य डोळ्याला सुटे दिसत नाहीत.

जून २०१० मध्ये अॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन ४ जगापुढे ठेवला, तेव्हा हाच हिशेब मांडला होता. त्या फोनचा आकडा ३२६ होता आणि दहा ते बारा इंचांवरून पाहताना सुमारे ३०० ही डोळ्याची मर्यादा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून त्या पडद्याला त्यांनी 'रेटिना' हे नाव दिले. रेटिना म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, आमच्या परिभाषेत दृष्टिपटल.

हाच हिशेब उलटा केला, तर कोणता फोन किती दूर धरल्यावर ठिपके दिसेनासे होतात हे काढता येते. आयफोन १५ सुमारे १९ सेंटिमीटरवर, गॅलेक्सी एस२४ सुमारे २१ सेंटिमीटरवर आणि स्वस्तातला फोन सुमारे ३२ सेंटिमीटरवर. लोक प्रत्यक्षात फोन किती अंतरावर धरतात, याची मोजणी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केली होती. संदेश वाचताना सरासरी ३६ सेंटिमीटर आणि इंटरनेटवरील मजकूर वाचताना ३२ सेंटिमीटर, असे उत्तर आले. म्हणजे स्वस्तातला फोन मर्यादेच्या रेषेवरच उभा आहे आणि दोन्ही महागडे फोन ती रेषा केव्हाच ओलांडून गेले आहेत. ४१६ आणि ४६० यांतला फरक जाहिरातीत दिसतो, डोळ्याला दिसत नाही.

काही तरुणांची दृष्टी ६/६ पेक्षाही तीक्ष्ण असते, हे मान्य. शिवाय आपल्या देवनागरीत अनुस्वार, रफार, उकार, जोडाक्षरे असा बारीक तपशील पुष्कळ. त्यामुळे बारीक मराठी अक्षर वाचताना २७० आणि ४०० यांतला फरक तीक्ष्ण नजरेला जाणवू शकतो. 'फुल एचडी प्लस' पडद्याचा साडेसहा इंची फोन सुमारे ४०० ठिपके देतो आणि तेवढे कोणालाही पुरेसे आहेत. त्यापुढे जाण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. २०१५ मध्ये सोनी कंपनीने एक्सपीरिया झेड५ प्रीमियम नावाचा फोन काढला, त्यात इंचाला ८०६ ठिपके होते. ते ठिपके सुटे पाहायचे, तर फोन डोळ्यापासून ११ सेंटिमीटरवर आणावा लागेल. तेवढ्या जवळचे वीस वर्षांच्या मुलाला जेमतेम स्पष्ट दिसते. माझ्या वयाच्या माणसाला तेथे धुकेच दिसेल.

खरी अडचण अक्षराच्या आकाराची

वय वाढते तसे डोळ्यातील नेत्रभिंग ताठर होत जाते. जवळचे पाहताना भिंगाने फुगून आपली ताकद वाढवायची असते, ती क्षमता कमी कमी होते. ती डायॉप्टर या एककात मोजतात. दहाव्या वर्षी ती सुमारे १४ असते, विसाव्या वर्षी १०, चाळिसाव्या वर्षी साडेचार, पन्नासाव्या वर्षी अडीच आणि साठाव्या वर्षी जेमतेम एक. ४० सेंटिमीटरवर वाचायला अडीच डायॉप्टर लागतात. म्हणजे पन्नाशीच्या माणसाला संपूर्ण ताकद खर्च करून तेथवर पोहोचावे लागते. आणि खिशातला सगळा पैसा रोज खर्च करून संसार चालत नाही, तसेच सगळी ताकद लावून डोळा फार वेळ वाचू शकत नाही. मग कपाळ दुखते, फोन लांब लांब धरला जातो आणि शेवटी हात अपुरा पडतो. आपल्या भाषेने या चष्म्याला 'चाळिशी' हे नाव उगीच दिलेले नाही.

आमच्या गावातील शिवणकाम करणाऱ्या एक बाई गेल्या वर्षी डोके दुखते म्हणून आल्या. वय चव्वेचाळीस. फोनचा पडदा लहान आणि जुना, म्हणून त्रास होतो, असे मुलाने सांगितल्यावरून त्यांनी हप्त्यावर मोठा फोन घेतला होता. डोकेदुखी तशीच राहिली. मी विचारले, "ताई, सुईत दोरा ओवता येतो का?" त्या म्हणाल्या, "दोरा आता मुलगीच ओवून देते." निदान तेथेच झाले होते. नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी होऊन जवळचा सव्वा नंबरचा चष्मा लागला, डोकेदुखी थांबली आणि दोराही ओवता येऊ लागला. फोनचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

पडदा मोठा याविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पडद्याचे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके घेतात. गेल्या काही वर्षांत फोन उंच आणि अरुंद झाले, त्यामुळे तिरके माप वाढले, पण रुंदी वाढली नाही. दहा वर्षांपूर्वीच्या साडेपाच इंची फोनची रुंदी आणि आजच्या साडेसहा इंची फोनची रुंदी मोजून पाहा. दोन्ही पावणेसात सेंटिमीटरच्या आसपास भरतील. ओळ वाचायला रुंदी लागते. म्हणजे माप एक इंचाने वाढले, तरी ओळीत मावणारे अक्षर होते तेवढेच राहिले.

त्यावर उपाय फुकटचा आहे. प्रत्येक फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवण्याची सोय असते. मजकुरातील 'क' किंवा 'म' हे अक्षर पट्टीने मोजून निदान दोन-अडीच मिलिमीटर उंच भरेल, इतका आकार पन्नाशीपुढच्या व्यक्तीने ठेवावा. हा माझा ढोबळ हिशेब आहे. आपल्याला सोयीचे वाटेल तेवढे अक्षर मोठे करण्यात काही कमीपणा नाही.

उजेडाचे आकडे

पडद्याचा उजेड 'निट्स'मध्ये मोजतात. कंपनीच्या माहितीप्रमाणे आयफोन १५ चा पडदा उन्हात जास्तीत जास्त २००० निट्सपर्यंत जातो आणि गॅलेक्सी एस२४ चा २६०० निट्सपर्यंत. ऐकायला फरक मोठा वाटतो. पण हे शिखराचे आकडे आहेत. फोन भर उन्हात आहे असे त्याच्या संवेदकाला कळले, की काही काळापुरता तो इतका उजळतो. खोलीत बसून आपण तो आकडा कधीच पाहत नाही. शिवाय उजेड दुप्पट झाला, तर डोळ्याला तो दुप्पट वाटत नाही, पुष्कळ कमी वाटतो. २००० आणि २६०० यांतला फरक शेजारी शेजारी धरून पाहिला, तरच जाणवेल.

किती उजेड पुरे, याचे चांगले माप आपल्या हातातला कागद आहे. रात्री दिवा लावलेल्या खोलीत, जेथे सुमारे ३०० लक्स प्रकाश असतो, तेथे पांढरा कागद साधारण ७५ निट्सएवढा उजळ दिसतो. आकाशाच्या मोकळ्या उजेडात, पण सावलीत, तोच कागद अडीच हजार निट्सच्या घरात जातो आणि भर दुपारच्या उन्हात पंचवीस हजारांच्या. म्हणजे खोलीत कोणत्याही फोनला १०० ते १५० निट्स पुष्कळ झाले आणि भर उन्हात कोणत्याही फोनचा कागदापुढे टिकाव लागत नाही.

यावरून कोणाला हा आकडा महत्त्वाचा ते ठरते. शेतात, रस्त्यावर, घरोघर माल पोहोचवण्याच्या कामात ज्यांना दिवसभर फोन पाहावा लागतो, त्यांनी उजळ पडद्याचा फोन घ्यावा आणि दुकानदाराला विनंती करून दाराबाहेर उन्हात धरून पाहावा. तेथे माहितीपत्रकाची गरज राहत नाही. पोलराइज्ड काचांचा गॉगल वापरणाऱ्यांनी तो लावूनच पाहावे, कारण अशा काचांतून काही पडदे विशिष्ट कोनात काळे पडतात. घरात, दुकानात, कचेरीत बसून फोन पाहणाऱ्याने या आकड्यासाठी जास्तीचा पैसा घालवू नये.

त्याउलट एक आकडा जाहिरातीत फारसा नसतो, पण उपयोगाचा असतो. तो म्हणजे पडदा कमीत कमी किती मंद होतो. रात्री अंधाऱ्या खोलीत झगझगीत पडदा डोळ्यांवर येतो. रात्री फोन पाहणे भागच असेल, तर खोलीतला एखादा दिवा चालू ठेवावा आणि पडदा शेजारच्या कागदाइतकाच उजळ ठेवावा.

काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे दाखवणारा 'डार्क मोड' डोळ्यांना चांगला, असाही समज आहे. उजळ पार्श्वभूमीमुळे बाहुली लहान होते आणि लहान बाहुलीतून अक्षर अधिक रेखीव दिसते. म्हणून दिवसा, मोठा मजकूर वाचायला, पांढऱ्यावर काळे हीच छापखान्याची जुनी रीत बहुतेकांना सोयीची पडते. ज्यांना तिरका नंबर आहे, त्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरे पसरट दिसतात. रात्रीच्या अंधारात डार्क मोड सुखाचा वाटला, तर जरूर वापरावा.

हर्ट्झ आणि लुकलुक

चित्र सेकंदाला किती वेळा बदलते, तो आकडा म्हणजे हर्ट्झ. आयफोन १५ मध्ये तो ६० आणि गॅलेक्सी एस२४ मध्ये १२० पर्यंत. या बाबतीतला फरक बऱ्याच लोकांना खरोखर दिसतो. बोटाने मजकूर वर सरकवताना १२० वाल्या पडद्यावर अक्षरे कमी पुसट होतात. पण तो सफाईदारपणाचा भाग झाला. स्थिर पान वाचताना ६० आणि १२० यांत काहीच भेद नाही. १२० मुळे डोळ्यांचे आरोग्य राखले जाते असे समजून पैसे मोजू नयेत. हौस म्हणून घ्यायला हरकत नाही.

मात्र हर्ट्झचाच एक दुसरा प्रकार आहे, त्याकडे डोकेदुखीच्या रुग्णांनी लक्ष द्यावे. महागड्या फोनमध्ये ओएलईडी किंवा एमोलेड जातीचा पडदा असतो. त्यात काळा रंग खरोखर काळा दिसतो, म्हणून चित्र उठावदार वाटते. परंतु अशा अनेक पडद्यांचा उजेड कमी करायचा, तर ते पडदे सेकंदाला शेकडो वेळा विझवून पेटवले जातात. ही लुकलुक काही फोनमध्ये सेकंदाला सुमारे २४० वेळा, काहींत ४८० वेळा असते, तर काही कंपन्या ती दोन-चार हजारांच्या घरात नेतात. उघड्या डोळ्याला ती कळत नाही आणि बहुसंख्य लोकांना तिचा काही त्रास होत नाही. पण थोड्या लोकांना, विशेषतः अर्धशिशीची प्रवृत्ती असलेल्यांना, अशा पडद्यामुळे डोके जड होणे, मळमळणे असा त्रास जाणवतो. जुन्या नळीच्या दिव्यांखालीही अशा लोकांचे डोके दुखत असे.

ही लुकलुक घरी ओळखता येते. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर पांढरे पान उघडा, उजेड कमी करा आणि पडद्यासमोर पेन्सिल भराभर डावी-उजवीकडे हलवा. पेन्सिलीची सलग पुसट छाया दिसली, तर लुकलुक नाही किंवा फार जलद आहे. पंख्याच्या पात्यांसारख्या अनेक सुट्या पेन्सिली दिसल्या, तर लुकलुक आहे. नवा फोन घेतल्यापासून डोकेदुखी सुरू झाली असेल, तर ही चाचणी करावी. उजेड फार मंद न ठेवता खोलीत दिवा लावावा. सेटिंगमध्ये लुकलुक कमी करण्याची सोय असल्यास ती चालू करावी. तरीही दुखत असल्यास साधा एलसीडी पडद्याचा फोन वापरून पाहावा. बहुतेक एलसीडी पडद्यांत हा प्रकार नसतो किंवा पुष्कळ कमी असतो आणि असे फोन स्वस्तही असतात.

निळ्या प्रकाशाची भीती

फोनच्या डब्यावर 'डोळ्यांना सुरक्षित', 'निळा प्रकाश कमी' अशी चिठ्ठी असते आणि चष्म्याच्या दुकानात निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी वेगळे पैसे घेतात. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्याचा पडदा खराब होतो, याला पुरावा नाही, असे अमेरिकी नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचे स्पष्ट मत आहे. आपण दिवसा बाहेर पडतो, तेव्हा आकाशातून येणारा निळा प्रकाश फोनच्या कितीतरी पट जास्त असतो. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी डोळ्यांचा थकवा साध्या काचांपेक्षा कमी होतो, असे त्यात आढळले नाही.

झोपेचा प्रश्न थोडा वेगळा आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत १२ जणांवर केलेल्या प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास उजळ पडद्यावर पुस्तक वाचणाऱ्यांना, छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली आणि झोप आणणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी झाले. दहा मिनिटे ही काही मोठी हानी नव्हे. माझ्या रुग्णांची झोप उडते ती एकामागून एक चित्रफिती पाहत बारा वाजतात म्हणून. त्यावर कोणत्याही पडद्यात उपाय नाही. फोन रात्री दुसऱ्या खोलीत ठेवणे हाच उपाय.

डोळे चुरचुरतात ते का?

"फोन पाहिला, की डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते," ही तक्रार सर्वांत जास्त. त्याचे कारण पापण्यांत आहे. पापणी मिटली, की डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर सारवला जातो. जपानमधील संशोधकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, स्वस्थ बसलेली माणसे मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटत होती, पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यासमोर ७ वेळा. तेव्हा मोबाइल आपल्याकडे आलाही नव्हता. डोळे टक लावून उघडे राहिले, की वरचा थर वाळतो आणि चुरचुर होते. अंगावर पंख्याचा वारा असेल, तर अधिकच. येथे पडदा एका कंपनीचा आहे की दुसऱ्या, याने काही फरक पडत नाही.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा नियम सोपा आहे. अंगणातले झाड, समोरच्या घराची कौले, काहीही चालेल. त्या वेळी पापण्या आठ-दहा वेळा पूर्ण मिटाव्यात. एवढ्याने पुष्कळांचे भागते. दुकानातून मनाने डोळ्यांचे थेंब आणू नयेत. त्यांत कधी स्टेरॉइड असते आणि दीर्घकाळ वापरल्यास काचबिंदू होऊ शकतो.

मुलांच्या बाबतीत

मुलांसाठी फोन घेताना पालक पडद्याचा आकडा विचारतात. विचारायला हवा तो घड्याळाचा आकडा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे, की दोन वर्षांखालील बाळाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितके चांगले. मुलांमध्ये लांबचे न दिसण्याचा दोष, म्हणजे लघुदृष्टी, वाढतो आहे. सतत जवळचे पाहणे आणि उघड्यावर खेळणे कमी होणे, या दोन्हींचा त्याच्याशी संबंध आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर नेण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की तीन वर्षांनंतर या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी आली होती. जादा वेळ बाहेर न गेलेल्या मुलांत हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. मैदानाला पैसे पडत नाहीत.

पडदा फोनचा की डोळ्याचा?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. गेल्या पावसाळ्यात सत्तावन्न वर्षांचे एक शेतकरी पायाच्या जखमेसाठी आले. बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टरसाहेब, दोन फोन बदलले, पण पडदा धुरकटच. आता जरा भारीतला घ्यावा म्हणतो." मी भिंतीवरचे कॅलेंडर दाखवून विचारले, "काका, त्यावरची तारीख वाचा बरे." दोन्ही डोळ्यांनी त्यांनी वाचली. उजवा डोळा झाकायला सांगितला, तेव्हा डाव्याने आकडेच दिसेनात. रक्तातील साखर तपासली, ती २८० निघाली. मधुमेह असल्याचे त्यांना माहीत होते, पण गोळ्या वर्षभर बंद होत्या. जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांनी पाहिले, तेव्हा डाव्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला होता आणि उजव्यातही सुरुवात झाली होती. उपचारांनी उजवा डोळा वाचला. डाव्याची गेलेली नजर पूर्ण आली नाही. भारी फोन घेऊन ते आणखी सहा महिने थांबले असते, तर काय झाले असते, हे सांगायला नको.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, नजरही कमी करीत नाही. म्हणून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाने, दिसते चांगले असले तरी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळ्याचा पडदा तपासून घ्यावा. मोतीबिंदूतही फोनचा पडदा फिका, पिवळट, झगमगीत दिसू लागतो आणि रुग्ण उजेड वाढवत बसतो. त्याची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत मोफत होते.

फोन बदलण्यापूर्वी एक चाचणी घरीच करावी. तिला साधन म्हणून हे वृत्तपत्रच पुरे. दिवसा खिडकीपाशी बसून हा मजकूर ४० सेंटिमीटरवर, म्हणजे कोपर थोडे वाकवून, धरावा. चष्मा असेल तर लावावा. आधी डावा डोळा झाकून वाचावे, मग उजवा. छापील कागदाला निट्स नसतात, हर्ट्झ नसतात. कागदावरचे अक्षर दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळे स्पष्ट वाचता आले आणि फोनवरचेच येत नसेल, तर दोष फोनचा किंवा त्याच्या सेटिंगचा. कागदावरचेही धूसर असेल, तर दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. एका डोळ्याने कमी दिसत असेल, तर त्याच आठवड्यात जावे.

डोळ्यासमोर अचानक पडदा ओढल्यासारखे होणे, विजेसारखे चमकणे, एकाएकी पुष्कळ काळे ठिपके तरंगणे, सरळ रेषा वाकडी दिसणे, एका वस्तूच्या दोन दिसणे किंवा डोळा लाल होऊन दुखणे व दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी तज्ज्ञांना दाखवावे. ही लक्षणे कोणत्याही फोनमुळे होत नाहीत.

थोडक्यात, फोन घेताना

१. साडेसहा इंची फुल एचडी प्लस पडदा, म्हणजे इंचाला सुमारे ४०० ठिपके, सर्वांना पुरतो. अक्षर मोठे करून वापरणाऱ्यांना २७० चेही चालतात.

२. तिरक्या मापाऐवजी पडद्याची रुंदी पाहावी आणि मराठी मजकूर उघडून, अक्षर मोठे करून, स्वतः वाचून पाहावा.

३. उन्हात काम असेल, तरच जास्त निट्सचा विचार करावा आणि फोन उन्हात नेऊन पाहावा.

४. १२० हर्ट्झ हा सफाईचा भाग आहे, औषध नव्हे.

५. अर्धशिशीच्या रुग्णांनी पेन्सिलीची चाचणी करावी.

६. निळ्या प्रकाशाच्या काचांवर वेगळा खर्च करू नये.

७. चाळिशी ओलांडली असेल आणि गेल्या दोन वर्षांत डोळे तपासले नसतील, तर आधी डोळे तपासावेत, मग फोन घ्यावा.

आयफोन की गॅलेक्सी, याचा निकाल ज्याने त्याने आपली आवड आणि आपला खिसा पाहून लावावा. डोळ्यांच्या दृष्टीने दोन्ही पडदे गरजेपेक्षा वरच्या दर्जाचे आहेत. फोनचा पडदा फुटला, तर कोणत्याही तालुक्याच्या गावी तासाभरात बदलून मिळतो. डोळ्याचा पडदा बदलून देणारे दुकान अजून कोठेही निघालेले नाही.

पुढील आठवड्यात मधुमेहाच्या रुग्णांनी पायांची काळजी कशी घ्यावी, याची माहिती घेऊ.